गीझर न्हाणीघराबाहेरच हवा

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली की गॅसच्या गीझरचे बेत घरोघरी सुरू होतात. बसवायला आलेला मिस्त्री हमखास म्हणतो, "वहिनी, बाथरूममध्येच लावू, नळी कमी लागेल." त्याचे मुळीच ऐकू नका! बंद न्हाणीघरात गीझर पेटला की प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोके जड होते, चक्कर येते. दाराला आतून कडी असते आणि हाक मारायचेही त्राण उरत नाही. म्हणून गीझर बाहेर, मोकळ्या बाल्कनीत लावावा. काचा लावून बंद केलेली बाल्कनी चालायची नाही हं!

जोडणी गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. नळी आयएसआय छापाची, दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट. तो जायच्या आत सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडे आले की गळती आहेच. काडी ओढून बघणाऱ्या धीट बायका अजूनही आहेत, त्यांना काय म्हणावे! वास आला तर विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

गीझर आधीच आत बसवला असेल, तर तो हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, आणि थोड्या वेळाने दार लावून अंघोळ करावी.