बुरशीचा दाणा डुकरालाही नको

‘माणसाच्या कामाचं नाही ना, मग डुकराला टाका, त्याला सगळं पचतं.’ धान्याच्या वखारीपासून हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत हे ऐकू येतं. हे साफ खोटं आहे.

मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष पाळीव जनावरांत सर्वांत जास्त बाधतं ते डुकरालाच. डुक्कर खाणं सोडतं, ओकतं. झिअरालेनोन इस्ट्रोजेनसारखं वागतं. वयात न आलेल्या माद्यांचं जननांग सुजतं, पुढे गाभ धरत नाही. फ्युमोनिसिन फार गेलं तर फुप्फुसात पाणी भरून जनावर गुदमरतं. अ‍ॅफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं, ओक्रॅटॉक्सिन मूत्रपिंड. यातलं पुष्कळसं हळूहळू घडतं. पिल्लं वाढत नाहीत, साध्या आजाराने दगावतात, आणि पाळणारा हवेला नाहीतर जातीला दोष देत बसतो.

‘उन्हात टाकलं, उकळलं की झालं’ हेही खरं नाही. ऊन दाणा सुकवतं, बुरशीची वाढ थांबते. दाण्यात उतरलेलं विष उरतंच. अ‍ॅफ्लाटॉक्सिन साध्या उकळीला दाद देत नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. खाद्यात मिसळायची माती, बेंटोनाइट, अ‍ॅफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरते. डीऑक्सिनिव्हॅलेनॉलपुढे तिचा फारसा इलाज चालत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: पोतीच्या पोती फेकायला गरिबाला परवडेल कसं? 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण दुसरं काही नव्हतं. 397 जण काविळीने आजारी पडले, 106 दगावले. घरातलं तेच अन्न खाणारी कुत्री त्याआधीच मरू लागली होती. जनावराच्या मरणाकडे लक्ष दिलं असतं, तर माणसांना सावध करायला वेळ मिळाला असता. म्हणून ‘जनावराचं काय एवढं’ हा प्रश्न मला क्रूर वाटतो, आणि धोक्याचाही.

फेकण्याची वेळच येऊ नये, हे कसं साधायचं ते मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरात कुणाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यासाठी बोंबील, जवळा भरून ठेवायचा तो खडखडीत वाळल्यावरच. दमट मासळी डब्यात गेली की आख्खा डबा नासतो, हे कोळणीला ठाऊक असतं. सुकी मासळी आणि मका यांवरच्या बुरशीचा धोका सारखा नाही, पण वाळवणीचा नियम तोच. मका 13-14 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवावा, भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावा, भिजलेली पोती वेगळी काढावीत. भिजलेलं चांगल्यात मिसळून खपवणं तर गुन्हाच मानावा.

आणि याचा सगळा भार पाळणाऱ्यावर टाकू नये. मका विकत घेताना व्यापाऱ्याने भावाआधी ओलावा मोजावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खाद्याचा नमुना घेण्याची सोय असावी, आणि पिल्लं मरायच्या आत अहवाल हाती पडावा.