फेस आहे, नशा नाही



चाकणच्या कारखान्यात कामाला असणारा आमच्या वस्तीतला एक मुलगा परवा घरी आला. दारू सोडून त्याला दोन वर्षे झाली. बहिणीच्या साखरपुड्याला कंपनीतले साहेब येणार. म्हणाला, "काका, बूच उडणारी फेसाची बाटली पाहिजे, पण बिनदारूची." पंचशील घेतलेल्या घरात हा हट्ट कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हाला त्याने विचारले, हेच बरे वाटले. शिवाय ही बाटली आपल्या भागाला नवी नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावला १९८० च्या दशकातच फेसाळ वाइन बनू लागली होती.

रविवारी पिंपरीत आमच्या घरी चार पेये बर्फात गार करून चाखली. कोमट असली की वायू भसकन निघून जातो आणि नुसती गोडी उरते.

पहिली बाटली परदेशी. आधी खरीच वाइन करतात, मग मद्यार्क काढून घेतात. त्याबरोबर अंगही जाते. चव पातळ, वर साखर. लेबलवर '०.५ टक्क्यापेक्षा कमी' असे बारीक अक्षरात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर मद्यार्क असेल तरच ते मद्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मुलाने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "काका, वास तोच आहे." बाटली मोरीत ओतली. पैसे गेले, जाऊ देत.

दुसरा वायू भरलेला द्राक्षरस. बूच झकास उडाले, पण दुसऱ्या घोटाला सरबत! तिसरे पारले ॲग्रोचे २००५ साली आलेले सफरचंदी ॲपी फिझ. गोड, पण परवडणारे आणि पोरांचे लाडके.

चौथे आमच्या सौभाग्यवतींचे. गार केलेला कोरा चहा, त्यात कोकम आगळ, थोडी साखर, लिंबू. ग्लास तिरपा धरून वरून सोडा. आगळात मीठ असतेच, वेगळे घालू नये. द्राक्षाच्या सालीचा जो तुरटपणा रसात नसतो, तो इथे चहाने येतो. आमचा पहिला नंबर यालाच.

साखरपुड्याला बूच द्राक्षरसाचे उडाले आणि ग्लास कोकमाचे भरले. एका साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मुलगा स्वतः वाढत होता.