रांगोळीचा फोटो म्हणजे दिखाऊपणा नव्हे




‘दिवाळीत रोज रांगोळीचे फोटो टाकणे हा निव्वळ दिखाऊपणा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. रांगोळी ही टिकणारी कलाच नाही. पहाटे गेरूवर १५ ते ८ ठिपके मांडायचे, तासभर वाकून रेषा जुळवायच्या आणि दुपारपर्यंत ती कुणाच्या तरी पायाखाली जायची. माझ्या आईची रांगोळ्यांची वही वाळवीने खाल्ली. तिच्या हातची एकही रांगोळी आज माझ्याकडे नाही. तेव्हा मोबाइल असता तर!

म्हणून वसुबारसेच्या गाय-वासरापासून भाऊबीजेपर्यंत मी रोज एक फोटो टाकते. परदेशातली माझी भाची त्यातले ठिपके मोजून तीच रांगोळी तांदळाच्या पिठाने आपल्या दारात काढते. पीठ चिमटीतून कसे सोडायचे, हे मात्र तिला व्हिडिओ कॉलवर शिकवावे लागले. पूर्वी शेजारणी एकमेकींच्या अंगणात डोकावून नक्षी उचलत. आता फ्लॅटच्या दोन फुटांच्या जागेत कोण डोकावणार?

दुसरीची रांगोळी स्वतःची म्हणून टाकणाऱ्यांविरुद्ध पत्रलेखकांनी लिहिले असते, तर मी त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते.

— एक वाचक, सातारा