नाव नसलेली फ्रेम आणि आपली जबाबदारी

सायकलची दुरुस्ती आणि विक्री यावर आपल्या अनेक कारागीर बांधवांची घरे चालत आली आहेत. गोंदियाजवळच्या कामठा येथील एका तरुण मिस्त्रीने परवा आम्हाला मोबाईलवर एक फ्रेम दाखवली. चीनच्या कारखान्याची, कार्बन फायबरची, वजन किलोभराच्या आसपास. फ्रेमवर कोणाचेही नाव नाही आणि भाव नामांकित कंपन्यांपेक्षा बराच कमी. "थेट मागवून, सायकल जोडून नागपुरात विकली तर कसे?" असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न आज अनेकांच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

गिऱ्हाईक नाही असे नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी अमेरिका आरपार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा शौक आता विदर्भातही रुजला आहे.

नाव नाही म्हणजे माल वाईट, असेही आम्ही मानत नाही. शियामेन, डोंगग्वान, शेंझेन या भागांत कार्बन फ्रेमचे मोठे काम चालते. परदेशी नामांकित कंपन्यांचा बराच माल चीन आणि तैवानमध्येच बनतो. तैवानची 'जायंट' कंपनी १९७२ साली निघाली आणि दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवूनच मोठी झाली. पण नामांकित कंपनी केवळ नावाचे पैसे घेत नाही. मालाची चाचणी, खराब निघाल्यास बदलून देणे, हे तिचे काम असते. मधला माणूस काढला की त्याचा नफा वाचतो, हे खरे. पण त्याचे काम कोणीतरी करावेच लागते. ते काम तुमच्याकडे येते.

आधी हिशेब पाहू. समजा फ्रेमचा भाव १०० रुपये आणि भाडे-विमा मिळून २० रुपये. सीमाशुल्क १०० वर नव्हे, १२० वर लागते. त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि या साऱ्या बेरजेवर जीएसटी. सायकल आणि तिच्या भागांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीची वजावट मिळते, सीमाशुल्काची मात्र मिळत नाही. विक्रीसाठी माल मागवायचा तर आयात-निर्यात कोड काढावाच लागतो. काही विक्रेते "पावतीवर कमी किंमत लिहू, भेटवस्तू म्हणून पाठवू" असे सुचवतात. त्या वाटेला जाऊ नये. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होतो आणि दंडही बसतो.

यापेक्षा मोठी गोष्ट कायद्याच्या जबाबदारीची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल आयात करणारा, विकणारा, बसवणारा, इतकेच नव्हे तर दुरुस्त करणाराही 'उत्पादन विक्रेता' या व्याख्येत येतो. कलम ८६ सांगते की, सदोष मालाने इजा झाली आणि बनवणारा कोण हे माहीत नसेल, किंवा त्याच्यावर भारताचा कायदा चालत नसेल, तर भरपाईचा दावा विक्रेत्यावर येऊ शकतो. चीनचा कारखानदार गोंदियाच्या ग्राहक आयोगापुढे येणार नाही. उतारावर फ्रेम मोडून गिऱ्हाईक पडले, तर उभे आपल्यालाच राहावे लागेल.

आणि कार्बन मोडते ते लोखंडासारखे नव्हे. लोखंडी फ्रेम आधी वाकते, तडा दिसतो, वेल्डिंग करून ती पुन्हा रस्त्यावर येते. कार्बनला आतल्या आत मार बसतो, वरून रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस नळी अचानक तुटते. त्याला वेल्डिंग चालत नाही. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळून चालत नाही, टॉर्क रेंच लागतो. स्टँडच्या पकडीत फ्रेमची नळी धरू नये, सीटची दांडी धरावी. 'टी-७०० कार्बन' असे जाहिरातीत लिहिलेले असते, पण आत कोणते कापड आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून 'आयएसओ ४२१०' या मानकाचा चाचणी अहवाल मागावा, तोही आपण घेणार त्याच मॉडेलचा. खालच्या बीबीची नळी आट्यांची घ्यावी. दाबून बसवायच्या बीबीला वेगळी हत्यारे लागतात आणि ती पुढे कुरकुरते. मागच्या डिरेलरचे दोन हँगर फ्रेमसोबतच मागवावेत. ते प्रत्येक फ्रेमला वेगळे असतात आणि एक मोडला की सायकल महिनाभर उभी राहते.

एका गोष्टीवर मात्र आमचे ठाम मत आहे. या फ्रेमवर मोठ्या कंपनीचे स्टिकर लावून विकणे ही सरळ फसवणूक आहे आणि १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याने गुन्हाही. मालातला ऐब सांगून विकावा, हा आपल्या बाजाराचा जुना दंडक आहे. फ्रेम चीनची आहे, बिननावाची आहे, हे गिऱ्हाईकाला सांगा आणि बिलावर लिहा. ज्याला घ्यायची तो तरीही घेईल.

तेव्हा कामठ्याच्या बांधवाला आमचे सांगणे असे: घाई करू नका. गोंदिया-नागपूरच्या तीन-चार मिस्त्रींनी मिळून आधी एकच फ्रेम मागवा. स्वतः जोडा आणि चार-सहा महिने स्वतः चालवा. तेवढ्या काळात कार्बन तपासणे आणि इपॉक्सी-कापडाने दुरुस्त करणे शिकून घ्या. फ्रेम विकण्यापेक्षा या कामाला पुढे अधिक मागणी येईल, असे आम्हाला वाटते. ज्या फ्रेमवर आपल्या स्वतःच्या मुलाला बसवायला मन कचरणार नाही, तीच दुकानात ठेवा. फ्रेमवर नाव नसले, तरी बिलावर दुकानाचे नाव असते.