तळं मासोळीनं भरलंय, अन् ताटात काहीच नाही!

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण आखाड सुरू आहे, मासोळीचा विषय सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून आत्ताच लिहितो. श्रावण लागला की कोणी वाचणार नाही.

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका तळ्यावर मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम झाला. तळ्याचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. प्लास्टिकच्या पिशव्या, हार, फोटो, व्हॉट्सअॅपवर अभिनंदन. दरवर्षी होतो तसाच. मी काठावर उभा होतो. बाजूला एक म्हातारे भोई काका उभे होते. त्यांचं अख्खं आयुष्य या पाण्यात गेलं. ते हळूच म्हणाले, "बाप्पू, भरल्या एसटीत अजून शंभर पॅसेंजर कोंबून राहिले हे. बसतील कुठं?"

हसू आलं. घरी येईपर्यंत हसू गेलं. कारण काका म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे.

आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "तळ्यात मासेच राहिले नाही, बीज सोडा." दोन, "बारीक मासे मारू नका, मोठे होऊ द्या." दोन्ही ऐकायला चांगली वाटतात. आपल्या तळ्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही चुकीची आहेत, आणि याच दोन वाक्यांनी भोई बांधवांच्या पोटावर पाय दिला आहे. कसा, ते सांगतो.

तळ्यात मासे नाहीत हे खोटं आहे. फेकजाळं टाकून पाहा. एका फेकीत पन्नास-साठ मासे येतात. पण कसे? बोटाएवढे, फार तर तळहाताएवढे. डोकं मोठं, अंग वाळलेलं. हा तिलापिया. आपण चिलापी म्हणतो. बाजारात नेला तर गिऱ्हाईक काटे मोजतं अन् पुढे जातं.

हा मासा आपला नाही. मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला, स्वस्तात पोट भरेल म्हणून. सातच वर्षांत, १९५९ ला, देशातल्या मत्स्य संशोधन समितीला सांगावं लागलं की याचा प्रसार थांबवा. तोवर गाडी निघून गेली होती. नंतर त्याचा भाऊबंद नाईल तिलापियाही आला. आज विदर्भातलं तिलापिया नसलेलं तळं शोधून दाखवा.

याची खोड काय? कतला, रोहू, मृगळ हे आपले मासे थांबलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी केंद्रातून आणावं लागतं. जेवढं सोडाल तेवढंच राहील. तिलापियाला काहीच लागत नाही. दोन-तीन महिन्यांची पोर झाली की अंडी घालते. अंडी अन् पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे बाकीच्या माशांना ती सहज खाता येत नाहीत. वर्षातून कितीतरी वेळा वीते. आणि गर्दी झाली, खायला कमी पडलं, तर वाढ थांबवते पण वीण थांबवत नाही. उलट अजून लहान वयात व्यायला लागते. म्हणजे तळ्यात जे बोटाएवढे दिसतात ती सगळी पिल्लं नाहीत राजेहो. त्यात म्हाताऱ्या बायाही आहेत! त्यांना "मोठं होऊ द्या" म्हणून पाण्यात परत सोडणं म्हणजे दहा वर्षं नापास झालेल्या पोराला अजून बालवाडीत बसवणं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच शेतात घडलं. शेततळं खोदलं, पाणी साठलं, डोक्यात मासे आले. बीजवाल्याने सांगितलं, "सगळे नर आहेत, वीणच होणार नाही, एकेक पावकिलोचा होईल." जुलैत सोडले. सरकीची ढेप टाकली, कोंडा टाकला. एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर जाळं ओढलं. तीन कॅरेट भरले. माझी बायको पाहून म्हणाली, "हे काय, भजे करायचे का यांचे?" एकही पावकिलोचा नाही. कितीकांच्या तोंडात अंडी. नर कसले अन् काय कसले! ढेपेचे पैसेही निघाले नाही.

तेव्हा हेच काका आले. म्हणाले, "तू कपाशीत काय करतो? दोन दाणे टोबतो, दोन्ही उगवले तर एक उपटतो का नाही? मग पाण्यात काहून दया येते तुला?"

विरळणी. एवढी साधी गोष्ट. संत्र्याच्या झाडावर फळ जास्त लागलं तर आपण काही तोडून टाकतो, कारण नाही तोडलं तर सगळंच लिंबाएवढं राहतं. तळ्याची गोष्ट वेगळी नाही. पाण्यात खाणं ठरलेलं आहे. ते हजार तोंडांत वाटलं तर हजार कुपोषित, दोनशे तोंडांत वाटलं तर दोनशे धष्टपुष्ट.

मी दर पंधरा दिवसांनी बारीक आसाचं जाळं ओढायला लागलो. जो तिलापिया येईल तो बाहेर, एकही परत पाण्यात नाही. आणि काकांच्या सांगण्यावरून मरळीची थोडी पोरं आणून सोडली. दुसऱ्या उन्हाळ्यात मासे कमी निघाले, पण विकण्यासारखे निघाले. श्रीमंत झालो नाही. ढेपेचे पैसे निघाले, अन् घरी मरळीचा रस्सा झाला.

आता मरळीबद्दल. कारण खरा गुन्हा आपण इथे करतो.

मरळ, शिवडा हे शिकारी मासे. बारीक तिलापिया हे त्यांचं खाणं. म्हणजे विरळणी करणारा मजूर निसर्गाने फुकट दिला होता, चोवीस तासांचा. आपण काय केलं? मरळ चवीला चांगली, भाव तिलापियाच्या कितीतरी पट, म्हणून सगळ्यात आधी तीच मारली. त्यातही पावसाळ्यात. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर खळबळत असतो अन् खाली आई-बाप राखण करत असतात. आपले काही हुशार पोरं तो थवा पाहूनच गळ टाकतात, कारण मरळ तिथेच सापडणार हे त्यांना माहीत असतं. आई-बाप गेले की थवाही गेला. एका रश्श्यासाठी अख्खी पिढी. अन् वर स्टेटस ठेवतात, "आजची शिकार".

म्हणजे जो मासा काढायला पाहिजे तो आपण सोडतो, अन् जो सोडायला पाहिजे तो काढतो. उलटी विरळणी! पीक उपटायचं अन् गाजरगवत राखायचं. असं शेत तुम्ही कुठं पाहिलं?

"लहान मासे मारू नका" हा नियम खोटा नाही. तो समुद्राचा आहे. २०२३ मध्ये राज्याने समुद्रातल्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटचं पिल्लू मारलं तर उद्या पापलेट दिसणार नाही, म्हणून. तिथे तो नियम बरोबरच आहे. पण कोकणचा नियम आपल्या तळ्यातल्या तिलापियाला लावणं म्हणजे भातशेतीचं वेळापत्रक कपाशीला लावणं.

दूरचं उदाहरण पाहिजे असेल तर अमेरिकेचं घ्या. तिथे बास नावाचा मासा आहे. हौशी लोक गळाने पकडतात अन् पुण्य समजून सोडून देतात. इतकं सोडलं की कितीतरी तळ्यांत बासचीच गर्दी झाली. सगळे एकाच मापाचे, वाळके. मग तिथल्या जाणकारांना लोकांच्या मागे लागून सांगावं लागलं की बाबांनो, लहान घरी न्या अन् खा. काही तळ्यांवर नियमच असा असतो की बारा इंचाच्या आतला न्यायचा, बारा ते पंधरा इंचाचा सोडायचा. तिथला मासा शिकारी, आपला शेवाळ-गाळ खाणारा. मासा वेगळा, पण हिशोब तोच. कोणता काढायचा अन् कोणता ठेवायचा हे ठरवून काढायचं.

अन् अमेरिका कशाला? भंडारा-गोंदियाकडे चला. मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर बांधवांनी वर्षानुवर्षं काम केलं. बेशरम काढली, तळ्यातल्या मूळच्या पाणवनस्पती परत लावल्या, देशी माशांना जागा दिली. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे त्या ढिवरांना आधीपासून माहीत होतं. विचारणारं कोणी नव्हतं. आपल्याकडेही काका आहेत. विचारतं कोण?

आता तुमचे प्रश्न. मला आधीच माहीत आहेत.

"बारीक मासे घेणार कोण?" आतडं काढून अख्खा तळला तर खाणारे खूप आहेत, गरिबाच्या घरी तर आनंदाने. उन्हाळ्यात सुकवता येतो. कोंबड्यांच्या खाद्यात जातो. पैसे कमी मिळतात, मान्य. पण विरळणीत उपटलेल्या पऱ्हाटीचे पैसे मिळतात का? ती उरलेल्या पिकासाठी असते.

"मग एकदाच औषध टाकून तळं साफ का नाही करत?" कृपा करून हे डोक्यातून काढा. विष टाकलं की शिंगी, मांगूर, मरळ, बेडूक सगळं जातं. तेच पाणी जनावरं पितात. करंट सोडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तो सरळ गुन्हा आहे अन् त्यात माणसंही मरतात.

"थाई मांगूर सोडला तर तो खाऊन टाकेल." हो, तिलापियाही खाईल अन् उरलेलं सगळंही खाईल. तोही आफ्रिकेचाच, नावाला थाई. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. एक पाहुणा घालवायला दुसरा दरोडेखोर बोलवू नका.

"एक वर्ष काढले की झालं ना?" नाही झालं. हे खरं सांगितलंच पाहिजे. एक वर्ष काढून थांबलात तर उरलेल्यांना भरपूर खाणं मिळतं अन् ते दुप्पट जोमाने वीतात. दोन वर्षांत पुन्हा तीच एसटी. तिलापिया आता तळ्यातून पूर्ण जाणार नाही. त्याला गाजरगवतासारखं दरवर्षी निंदावं लागेल. म्हणूनच मरळ पाहिजे.

आणि हेच आजच्या ठेक्यात होत नाही. ठेका थोड्या काळाचा, रक्कम मोठी. ठेकेदार बाहेरचा असला तर तो उन्हाळ्यात येतो, मोठं तेवढं काढतो, निघून जातो. बारीक काढायची मजुरी तो काहून देईल? पुढचा फायदा तर पुढच्या ठेकेदाराचा! जो माणूस पुढची वीस वर्षं त्याच काठावर राहणार आहे, तोच विरळणी करेल. तो कोण? आपल्या गावातला भोई. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. छान झालं. मग शेतीसारखंच वागा ना! नुसतं पेरून फोटो काढणारा शेतकरी असतो का? निंदण कोण करणार?

एक स्पष्ट करतो. मी बोर धरणाबद्दल बोलत नाही. तिथे व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ पासून, तिथले नियम वेगळे आहेत, ते पाळलेच पाहिजेत. मी बोलतोय हिंगणी अन् सेलू तालुक्यातल्या लहान तळ्यांबद्दल, बंधाऱ्यांबद्दल, शेततळ्यांबद्दल. जिथे निर्णय आपण घेऊ शकतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी चार मागण्या मांडणार आहे:

१. बीज सोडण्याआधी जाळं ओढून मोजणी. शंभर मासे काढा, कोणते किती अन् केवढे ते वहीत लिहा. सत्तर-ऐंशी तिलापिया निघाले तर आधी विरळणी, मग बीज. आणि बीज सोडायचंच तर जिरे नाही, बोटुकली सोडा. जिरे म्हणजे तिलापियाचा नाश्ता.

२. जाळ्यात आलेला तिलापिया परत पाण्यात जाणार नाही, लहान असो की मोठा.

३. पावसाळ्यात मरळीला हात नाही. बाकी वर्षभर हाताच्या कोपरापेक्षा लहान मरळ परत पाण्यात.

४. ठेका द्यायचाच तर आधी गावातल्या मासेमारांना, जास्त मुदतीचा, अन् त्यात विरळणीची अट लिहून. बारीक मासे काढायची मजुरी ठेक्याच्या रकमेतून वजा.

यातली एकही मागणी पैशाने मोठी नाही. एक बारीक जाळं, एक वही अन् थोडी अक्कल. पहिल्या दोन वर्षांत फोटो काढण्यासारखं काही दिसणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कदाचित म्हणूनच आजवर कोणी केलं नाही.

काकांना विचारलं, ग्रामसभेत बोलाल का? म्हणाले, "चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही जी. आता एकदम माईक देतो काय?" मी म्हटलं, देतो.

पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर खाली लिहा, भांडू. पण लाईक करून घरी बसू नका. १५ तारखेला झेंडावंदन झालं की निघून जाऊ नका, ग्रामसभेत थांबा. काका बोलणार आहेत.