वैशाखातील पाणी कोणाच्या वाट्याचे?

मे महिना अर्धा सरला की आमच्या बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ घरांच्या विहिरी तळ दाखवू लागतात. अशा वेळी परसातील प्रत्येक झाडास तांब्या-तांब्या पाणी घालून सर्वांची समजूत काढण्याकडे गृहिणींचा कल असतो. हेतू चांगला, पण रीत घातक होय. तेवढ्या पाण्याने वरची माती भिजते आणि दुपारपर्यंत सुकते. मुळांपर्यंत काहीच पोहोचत नाही. डोईवरून आणलेला हंडा असा वाया जाऊ नये. पाणी कोणास द्यावयाचे व कोणास नाही, हे घरातील मंडळींनी एकदा बसून ठरवावे.

पहिला हक्क गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांचा व रोपांचा. भाजीचा वाफा वाळला तर पावसात पुन्हा पेरता येईल. आंब्याचे कलम वाळले तर वर्ष गेले आणि पैसेही गेले. रोपापासून वीतभर अंतरावर मातीचे नवे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकणी ठेवावी. भोवतालची माती जसजशी कोरडी होते, तसतसे ते पाझरते. जुन्या माठाची छिद्रे बुजलेली असतात, म्हणून तो तितका उपयोगी नाही. आळ्यात चार बोटे पालापाचोळा पसरावा. मात्र तो खोडास टेकू देऊ नये, वाळवी लागते.

मुरलेल्या आंब्या-फणसास पाणी नको. केळ व अळू न्हाणीच्या पाण्यावर राहतील. पेरूस तर या दिवसांत मुद्दाम तहानलेला ठेवतात. त्याची पाने गळतात, आणि मृगाच्या पावसाबरोबर नवी पालवी व फुले येऊन फळ हिवाळ्यात हाती लागते. पाने गळताना पाहून शेजारी हळहळतील. त्यांना हळहळू द्यावे. भाजीपैकी मिरची-वांग्याचा एक वाफा राखला तरी पुरे. त्यास पाणी सूर्यास्तानंतर द्यावे.

आंब्याखाली पडलेली किडकी फळे मात्र रोज वेचावीत. फळमाशी पिकू लागलेल्या फळात अंडी घालते, अळ्या फळाबरोबर खाली येतात, मातीत शिरून कोश करतात, आणि पुढची पिढी उरलेल्या फळांवर तुटून पडते. वेचलेली फळे २ फूट खोल पुरावीत. उकिरड्यावर टाकल्यास श्रम फुकट. मुले हे काम आनंदाने करतात, विशेषतः टोपलीमागे एक चांगला आंबा कबूल केल्यास!

आंबे उतरवून झाले की पहिल्या मोठ्या पावसाआधी खोडास ३ फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावे, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात विरवावा, आणि निवल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावीत, लोखंडाची नव्हेत. आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.