डेमोचा आवाज वाढवला, तरी गाणं बारीक का वाटतं?

मागच्या मे महिन्यात चंद्रपूरला घरी गेलो, तेव्हा शाळेतल्या मित्रांनी त्यांच्या रॉक बँडचा डेमो ऐकवला. घरच्याच खोलीत रेकॉर्ड केलेला. गाणं झकास, पण तक्रार एकच: आपलं गाणं बाकीच्यांपेक्षा हळू वाजतं. म्हणून त्यांनी लिमिटर लावून आवाज पार टोकाला नेला आणि युट्यूबवर टाकला. तिथे तो इतरांपेक्षा मोठा वाटेना, उलट ड्रमचा ठोका मेला.

असं का झालं? युट्यूब, स्पॉटिफाय गाण्याचा सरासरी जाणवणारा आवाज मोजतात. त्याचं एकक एलयूएफएस. मोजायची पद्धत आयटीयूच्या २००६ सालच्या मानकातली. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४, ॲपल म्युझिकची उणे १६. तुमचं गाणं उणे ७ वर असेल, तर स्पॉटिफाय ते ७ डेसिबलने खाली आणतं. पण चेपलेले ठोके काही परत उंच होत नाहीत! २००८ मध्ये मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर चाहते अशाच चेपलेल्या आवाजामुळे चिडले होते.

आमच्याकडे अजून एक भानगड: कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलर बंद कोण करणार? पण कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्यात कूलरची घरघरही आली. म्हणून टेकपुरता कूलर बंद.

बाकी 'घट्टपणा' लिमिटरच्या आधीच येतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ८२ हर्ट्झचा, त्यामुळे गिटारमधलं ८० च्या खालचं कापून टाका. तिथे बास आणि किक ड्रमला जागा हवी. बासचा सूर किकच्या ठोक्यावर नेमका बसवा. रिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. डिस्टॉर्शन थोडं कमी करा. शेवटी लिमिटर, तोही हलक्या हाताने. गाणं उणे १४ हून मोठं असेल तर शिखर उणे २ डेसिबलच्या खाली ठेवा, असं स्पॉटिफायच सांगतं.

मित्रांनी रात्री गारव्यात पुन्हा रेकॉर्ड केलं. आकड्यात डेमो आधीपेक्षा हळू, पण त्याच प्लेलिस्टमध्ये आता ठोका छातीत बसतो.

वडशाच्या झाडीपट्टी नाटकात नॉब आपल्या माणसाच्या हातात असतो. इथे तो प्लॅटफॉर्मच्या हातात आहे. मग भांडायचं कशाला? आपल्या हातात आहे ते नीट करू.